गोठ्याबाहेरचा बैल

वासरू बाहेर आलं ते हूं नाही की चूं नाही. ओक्सूनं त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी ओढून काढला, तोंडात फुंकर मारली, गवताचा बोळा करून छाती रगडली, मागचे पाय धरून उलटं झटकलं. काही नाही. अंगातून वाफ तेवढी निघत होती, आणि ती गाईच्या पोटातली होती, त्याची स्वतःची नव्हती. खालचा जबडा आखूड, पाय काटक्यांसारखे, डोकं मात्र एवढं मोठं की मांगास नावाची ती गाय आडवी पडून अजून कण्हत होती.

"काय झालं?" दारातून आर्खीप म्हणाला. तिचा एकुलता एक मुलगा. पंचेचाळिशीला टेकलेला, केस विरळ झालेले, पण आई गोठ्यात असली की आत यायच्या आधी विचारायची सवय काही सुटली नव्हती.

"वासरू झालं. मेलेलं. दार लाव आधी, ऊब चालली."

त्यानं दार लावलं. गोठा अर्धा जमिनीत आणि अर्धा वर, भिंती बाहेरून शेणानं लिंपलेल्या आणि हिवाळाभर दगडासारख्या गोठलेल्या. आत गाईंच्या श्वासाचीच काय ती शेगडी. खिडकीवर ताणलेल्या प्लास्टिकमधून सकाळचा पिवळट उजेड येत होता. त्या उजेडात आर्खीपनं वासराकडं बघितलं आणि टोपी मागं सारली.

"ह्येबी तसंच."

"तसंच म्हंजे? कसं? बोल की. पहिलं आंधळं आलं तवा म्हणालास थंडी लागली. दुसरं संध्याकाळपर्यंत जगलं, तवा म्हणालास गाईला दूध न्हाई. आता काय म्हणतोस?"

"मी कुठं काय म्हणतोय."

"म्हणायला तोंड लागतं. भिजलेलं गवत रचून ठेवलंस गेल्या उन्हाळ्यात, आतून काळं पडलं ते. गाईनं काय खायचं आन् पोटात काय वाढवायचं? तुज्या बापानं असलं गवत कुत्र्याच्या अंथरुणालाबी घातलं नसतं."

गवत काळं नव्हतं. तिलाही ते माहीत होतं. रोज सकाळी तीच ते हातानं सोडवून गाईंपुढं टाकत होती. पण कुणाला तरी बोलायला हवं होतं, आणि घरात दुसरं माणूस नव्हतं.

"कातडं सोलून ठेव," ती म्हणाली. "तिच्यापुढं धरलं तर पान्हा सोडेल."

मग तिनं लाकडी फावडं घेतलं आणि शेण ओढायला लागली. कोपऱ्यात एरियेन बैल रवंथ करत उभा होता. बुटका, रुंद, चितकबरा, पाठीवर पांढरा पट्टा, अंगावर अस्वलासारखी लव. साऱ्या खोऱ्यात असा बैल नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. त्याच्या बगलेखालचं शेण काढताना तिनं त्याला कोपरानं ढकललं. तो हलला, पुन्हा जागेवर आला, तिच्या खांद्याचा वास घेतला.

*

ताइसिया आली तेव्हा मांगास उभी राहायला लागली होती. ताइसिया याच गावची पोरगी, शहरात जाऊन गुरांची डॉक्टर झाली. बुटांवरचं बर्फ झटकून आत आली, चुलीजवळ बसली आणि चहा पुढ्यात आला तरी कपाला हात लावेना. ओक्सूच्या लगेच लक्षात आलं, की ही काहीतरी वाईट सांगायला आली आहे.

"आजी, शरदात मी गाईंच्या कानाचे बारीक तुकडे नेले होते ना?"

"नेलेस की. मग? कानातनं काय ऐकू आलं तुला? मला शिव्या देत्यात का?"

ताइसिया हसली नाही. "तुमच्या एरियेनचं आणि गाईंचं रक्त फार जवळचं निघालं. मांगास त्याचीच मुलगी. आता तिच्या पोटी त्याचंच वासरू. त्या वासराचा बापही तोच आणि आजाही तोच. एरियेनचा बापसुद्धा असाच याच गोठ्यातला, आणि त्याचाही बाप. म्हणून वासरं अशी येतात. गवताचा दोष नाही."

आर्खीप चुलीत लाकूड सारत होता. त्याचा हात तिथंच थांबला.

"बैल हाय त्यो," ओक्सू म्हणाली. "बैलाला कुणी नातं विचारतं का?"

"तुम्ही गाईंचं विचारता की."

ते खरं होतं. मांगासची आई कोण, तिची आई कोण, ती कुठल्या साली कुठल्या कुरणात व्याली, कुणाच्या हुंड्यात आली, हे ओक्सू एका दमात म्हणून दाखवायची, थेट तिच्या सासूनं माहेराहून आणलेल्या गाईपर्यंत. आईकडून आई, आईकडून आई. बैल मात्र त्यात कुठं नसायचा. बैल म्हणजे गोठ्यातला खांब. तो आहे, एवढं पुरे. माणसांचं उलटं. माणसांचे बाप मोजायचे, नऊ पिढ्या मागं, आणि नवाच्या आत कुठं एक बाप निघाला तर लग्न नाही. हे ओक्सूनं कधी कुणाला मोडू दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात नाही आणि स्वतःच्या घरात तर नाहीच.

"त्यो एक बैल आम्ही कसा वाचवलाय, तुला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तुजी आईबी जन्मली नव्हती. वरनं हुकूम आला, गावठी बैल सगळे खच्ची करा, नदीतनं बोटीनं मोठे बैल आणलेत ते वापरा. माज्या सासूनं आन् मी एक गोऱ्हा गवताच्या गंजीत लपवला. बर्फ पडेपर्यंत त्याला तितंच पाणी नेत व्हते मी, खांद्यावरनं. आन् त्या बैलांसंगं आलेल्या मोठ्या गाई? पहिल्याच हिवाळ्यात आचळं गोठून गळून पडली त्यांची. आमच्या गाई बाहेर बर्फ उकरून खात व्हत्या. त्या गोऱ्ह्याचं रक्त हाय ते एरियेनमधी. त्याला तू खोट काढतेस?"

"खोट नाही काढत, आजी. एकट्या त्याचंच आहे, एवढंच म्हणते." ताइसियानं आता चहाचा घोट घेतला. "पलीकडच्या खोऱ्यात बाल्बाराताईंकडे याच गावठी जातीच्या शुद्ध गाई आहेत. त्यांच्या सासऱ्यानेही तेव्हा एक गोऱ्हा लपवला होता, वेगळा. त्यांचा कुगास बैल तुमच्या रक्तातला नाही. गोठलेल्या नदीवर बर्फाचा रस्ता आहे तोवर अदलाबदल करून टाका. तुमचा तिकडे, त्यांचा इकडे. मी त्यांना निरोप पाठवलाय."

बाल्बाराचं नाव निघालं. चुलीतलं लाकूड फुटलं. आर्खीप उठून बाहेर गेला, आणि बाहेर जाऊन काहीच करताना दिसला नाही. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती फक्त.

"चहा पी," ओक्सू म्हणाली. "गार झाला."

*

बाल्बारा या घरात सून म्हणून यायची होती. वीस वर्षं तरी झाली असतील. आर्खीप तेव्हा घोड्यावर बसून डोंगर ओलांडायचा, तिच्याकडचं गवत कापून यायचा आणि घरचं कापायला त्याच्या अंगात जोर नसायचा. ओक्सूनं दोन्ही घरांचे बाप बोटांच्या पेरांवर मोजले. सातव्या पेरावर एकच माणूस निघाला. तिथंच तिनं मूठ मिटली. आर्खीपनं भांडण केलं नाही. त्यानं दुसरी मुलगीही बघितली नाही. बाल्बारा पलीकडच्या खोऱ्यात दिली गेली, तिला मुलगी झाली, नवरा नदीत गेला. हे सगळं या घरात ट्रकवाल्यांच्या तोंडून आलं.

ताइसिया गेल्यावर आई आणि मुलगा रोजच्यासारखे राबत राहिले. बर्फ फोडून पाण्याचं भोक मोकळं करायचं, गाईंना पाण्यावर न्यायचं, आचळांना सशाच्या कातड्याची पिशवी बांधायची, सोडायची, शेण ओढायचं. मांगास मेलेल्या वासराचं कातडं चाटायची आणि दूध द्यायची, ते बादलीचा तळ जेमतेम झाकेल एवढं. छपरावरच्या बर्फाला दुपारी पाणी सुटायला लागलं होतं. नदीवरचा रस्ता अजून होता, पण ट्रकवाले आता पहाटेच निघायचे आणि दुपारच्या आत पोचायचं बघायचे.

एक दिवस पाण्याच्या भोकाशी आर्खीप पहार टेकून उभा राहिला.

"जाऊ या, आये."

"कुठं?"

"तुला ठावं हाय कुठं."

"बाल्बाराच्या दारात? मी?"

"बैल मागायला," तो म्हणाला. "मला मागायला न्हाई."

ओक्सूनं बादली बुडवली. भरून बाहेर काढली. मांगास आता माजावर येईल, मग बाकीच्या. कोपऱ्यात एरियेन उभाच असेल. पुन्हा पुढच्या वसंतात गुडघ्यावर बसून मेलेल्या नाकातला चिकटा काढायचा. दोन-तीन वर्षांत गाई म्हाताऱ्या होतील आणि मग गोठ्यात फक्त खुंटे.

"जाऊ," ती म्हणाली. "पण एरियेन देणार न्हाई."

"अदलाबदल म्हणाली की ती."

"म्हणू दे. ती शहरात शिकली. गाय दिली तर शेपटीचे केस कापून ठेवायचे, दावं ठेवायचं, म्हंजे बरकत मागं राहते. बैलाची तशी राहत न्हाई. बैल जिता दुसऱ्याच्या गोठ्यात गेला की आपल्या गोठ्याची बरकत त्याच्या मागनं चालत जाती. माज्या सासूनं मरताना सांगितलंय. आन् ती कुणाच्या गोठ्यात जाणार? तिच्या?"

"मग त्याचं काय करायचं? दोन बैल हितं राहायचे न्हाईत. भिंत पाडतील."

"ते मला ठावं हाय."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं पहार बर्फात रोवली.

"आये, नगं. आधी कुगास येऊ दे तरी. मग बघू."

"त्यो हितं जिता हाय हे तिला कळलं तर ती मागणार. न्हाई म्हणायला तोंड राहणार न्हाई मला. हात हालवत जाणार न्हाई मी तिच्या दारात. मांस घेऊन जाईन. चांगलं, मानाचं. सुरी आण."

तो उभाच राहिला. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुला जमत न्हाई तर मी करीन," आणि वळली. मग तो गेला.

एरियेनला बाहेर आणताना ओढावं लागलं नाही. आर्खीपनं तळहातावर मीठ धरलं होतं. बैल खरखरीत जिभेनं मीठ चाटत चाटत अंगणाच्या मधोमध आला, उन्हाकडं बघून त्यानं डोळे मिटले. आर्खीपनं मानेच्या खोबणीत सुरी घातली. गुडघे एकदम दुमडले, जणू त्याला बसायचंच होतं. ओक्सूनं विस्तवाला नैवेद्य म्हणून चुलीत लोण्याचा गोळा टाकला, जे म्हणायचं ते म्हणाली, आणि बाहेर येऊन बाह्या वर करून आतडी धुवायला बसली. आर्खीपची बोटं सोलताना पुन्हा पुन्हा थांबत होती. बोटं थांबली की ओक्सू नुसतं "हं" म्हणायची.

*

ट्रकवाला वाटेत बडबडत होता. "आजी, एवढा आटापिटा कशाला? आमच्या गावच्या डेअरीत मोठा बैल हाय की. एवढा! दोन माणसं बसतील पाठीवर."

"त्याला हिवाळ्यात कोट घालता का न्हाई तुम्ही?"

"घालतात."

"टोपीबी घाला. वासरांनाबी शिवा. गाय पाळायची का शिंप्याचं दुकान काढायचं?"

ट्रकवाला पोट धरून हसला. आर्खीप दाराच्या बाजूला बसून काचेवरचं बाष्प अंगठ्यानं पुसत होता. त्यानं दाढी केली होती. ओक्सूनं ते सकाळीच बघितलं होतं. मागं गोणपाटात गुंडाळलेल्या एरियेनच्या बरगड्या, जीभ, काळीज, पुठ्ठ्याचं मांस. नदीच्या कडेला बर्फावर पाणी साचून निळं दिसत होतं. चाकं त्यातून फसफसत गेली.

बाल्बारा अंगणातच होती. अंगानं भरलेली, कपाळावर रुमाल, गालांवर थंडीचे काळसर डाग. तिनं आधी ट्रककडं बघितलं, मग आर्खीपकडं, त्याच्याकडं फार वेळ नाही. मग ओक्सूपुढं आली.

"आलात. या. मी म्हणत व्हते, रस्ता वितळतोय का काय. या, आधी त्याला उतरवू. जागा केलीय." तिनं गोठ्याचं दार उघडून दाखवलं. आत एका अंगाला नवा खुंटा, खाली वाळलेल्या शेणाचा भुगा पसरलेला, वर कोरडं गवत. पलीकडं लालसर बैल बांधलेला होता, कुगास. त्यानं मान वळवून बघितलं. "दोघांच्या मधी फळ्या ठोकल्यात. रात्री कालवा नगं. कुठाय बैल?"

ओक्सू पुढं झाली. आदल्या दिवसापासून तिनं वाक्य तयार करून ठेवलं होतं. "आमच्याकडनं एवढं घे," ती म्हणाली आणि गोणपाट सोडलं. "मानाचं हाय. जीभ, काळीज. चरबी बघ केवढी."

बाल्बारानं मांसावर हात ठेवला. क्षणभर तिला काही कळलं नाही. पाहुणे मांस आणतातच. मग तिचा हात थांबला. गोणपाटाच्या टोकाला कातड्याचा तुकडा होता, चितकबरा, पांढऱ्या पट्ट्याचा.

"ह्यो त्यो हाय?"

ओक्सू गोणपाटाची कड सारखी करायला लागली.

"आर्खीप, ह्यो त्यो हाय?"

"व्हय," आर्खीप म्हणाला.

बाल्बारा गोठ्याच्या उंबऱ्यावरच बसली. तिनं रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "माजी चार वासरं गेली यंदा," ती म्हणाली. "एक मागच्या पायांवर उभंच राहिना. ताइसिया म्हणाली, तुजा कुगासबी तसाच, घरच्या घरात. म्हणाली, ओक्सूआजीचा बैल आला की दोन्ही गोठे सुटतील. मी रोज नदीकडं बघत व्हते. गवत उपसलं माज्या गाईंच्या तोंडचं, म्हटलं पाहुणा बैल हाय, चांगलं खाऊ दे." तिनं वर बघितलं. "तुला सांगितलं न्हाई का तिनं?"

"सांगितलं."

"मग?"

"आमच्यात बैल जिता देत न्हाईत."

"आमच्यात," बाल्बारा म्हणाली. आवाज चढला नाही, त्यामुळं ऐकवत नव्हतं. "मी तुला आत्याबाई म्हणणार व्हते. त्या दिवशी दारामागं उभी व्हते मी, तू मोजत व्हतीस तवा. सातव्या पेरावर थांबलीस. म्हणालीस, रक्त एक हाय, पोरं खुळी निपजतील. माज्या आईदेखत म्हणालीस. मी म्हटलं, म्हातारीला कळतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं कळतं. गेले. अन् गोठ्यात बाप लेकीवर चढत व्हता, तवा तुजी पेरं कुठं गेली व्हती?"

गावात ओक्सूशी भांडायला माणसं घाबरायची. ती त्या लालसर बैलाकडं बघत राहिली.

"कुगास दे," शेवटी ती म्हणाली. "मागायला आलेय मी."

"दिला असता. आता दिला तर माज्या गाईंना कोण? एक गोऱ्हाबी न्हाई राखलेला. तुला दिला तर माजा गोठा आटला, न्हाई दिला तर तुजा."

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. त्याला ऊन चढायच्या आत पुढं जायचं होतं. कुणी वळून बघितलं नाही.

"गाई आणल्या तर?" आर्खीप म्हणाला.

दोघी त्याच्याकडं बघायला लागल्या.

"बैल गेला, पण गाईंत त्योच हाय. त्याच्याच लेकी त्या. कुगास हितंच राहू दे. आमच्या गाई हिकडं आणू. कुगासपासनं वासरं झाली तर ती जगतील." एवढं बोलून तो घामेजला. "गोऱ्हा झाला की त्यो मग तुज्या गाईंना चालंल."

बाल्बारानं कुगासकडं बघितलं. मग म्हणाली, "गवत?"

"आणीन. गंज हाय अजून. बर्फ हाय तोवर ओढून आणीन."

"गोठा एकच," बाल्बारा म्हणाली, आणि आता ती ओक्सूकडं बघत होती. "मालकीणबी एकच. सकाळी पाणी कधी, कुठली गाय आधी, शेण कुठनं ओढायचं, ते मी सांगणार. गाईंसंगं तुमीबी हितंच राहणार, तर तुला चालंल का, सांग. नंतर कुरकुर मला जमणार न्हाई. माजं घर लहान हाय."

ओक्सू तिच्या बाजूनं गोठ्यात गेली. तिनं खुंटे हलवून बघितले. छपराला हात लावला.

"हितनं गळतंय."

"गळतंय," बाल्बारा म्हणाली. "कुणी माणूस न्हाई दुरुस्त करायला."

*

गाई निघाल्या तेव्हा रात्रीची थंडी अजून जमिनीत होती. आर्खीप पुढं घोड्याला स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, जोडून, त्यावर गवत, भांडी आणि ओक्सूची पेटी. दार बंद करण्याआधी त्यानं कात्री काढली आणि मांगासची शेपटी हातात धरली. केस कापून गोठ्याच्या खांबाला बांधायचे, म्हणजे बरकत राहील.

"राहू दे," ओक्सू म्हणाली.

"एवढंसं तरी."

"कुणासाठी ठेवायचं? हितं कोण राहणार हाय?" तिनं त्याच्या हातातून कात्री घेतली आणि पेटीत टाकली.

चूल तिनं स्वतः विझवली. पाणी ओतलं नाही. निखारे पसरले आणि आपोआप विझेपर्यंत बघत बसली.

नदीवर वरचं बर्फ गुळगुळीत झालं होतं, त्यावर रात्री गोठलेल्या पाण्याचा पातळ पापुद्रा. गाई काठावरच अडल्या. आर्खीपनं वाळल्या शेणाचा भुगा आणि गवत पसरून पायवाट केली, तेव्हा मांगास खाली मान घालून, नाकानं हुंगत पुढं झाली आणि तिच्यामागं बाकीच्या. त्यांच्या खुरांचा टकटक आवाज आणि ओक्सूचा "हय्, हय्". जिथं भुगा संपायचा तिथं थांबायचं, पुन्हा पसरायचं. स्लेजवर बसायला ओक्सू तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी सुटलेल्या एका वळणावर, सर्वांत लहान कालवड बाजूला गेली. तिचे मागचे पाय एकदम दोन बाजूंना पसरले. ती उठायला बघत होती आणि प्रत्येक वेळी पाय आणखी फाकत होते. आर्खीपनं पोटाखालून दोर घातला, दोघांनी ओढलं. कालवडीनं एकदा हंबरडा फोडला आणि मग गप्प झाली. कंबरेचा सांधा निखळला होता.

ही कालवड गेल्या वर्षी एकटीच धड जन्मली होती. ओक्सूनं तिला घरात, चुलीपाशी वाढवलं होतं.

"आये, तू पुढं हो," आर्खीप म्हणाला.

"धर तिचं डोकं," ती म्हणाली. "मी करते."

तिनं केलं. मग हात बर्फाच्या पाण्यात धुतले आणि मांगासच्या मागं चालायला लागली. मांस मागं राहिलं. आर्खीप ते नंतर येऊन नेणार होता. काठावरच्या झाडांवर कावळे आधीच बसले होते.

बाल्बाराच्या अंगणात गाई पोचल्या तेव्हा दिवस मोठा झाला होता, संध्याकाळ असून उजेड होता. बाल्बारानं दारात उभं राहून गाई मोजल्या. तिनं विचारलं नाही, पण मोजून झाल्यावर आर्खीपकडं बघितलं आणि त्यानं मान हलवली.

ती एकेक गाय आत घेत गेली. ओक्सूनं सवयीनं मांगासचं दावं धरून तिला भिंतीच्या कोपऱ्याकडं वळवलं. तिथं वारा लागत नाही.

"तितं न्हाई," बाल्बारा म्हणाली. "हितं. कुगासच्या बाजूला."

ओक्सूचा हात दाव्यावर तसाच राहिला. मांगास दोघींच्या मधे उभी. आर्खीप दारात आला आणि आत यायचं थांबला.

मग ओक्सूनं दावं सोडलं. बाल्बारानं ते घेतलं आणि खुंट्याला बांधलं. कुगासनं फळीवरून मान घालून गाईचा वास घेतला, फुरफुरला. मांगासनं कान मागं केले, पण ती सरकली नाही.

गोठ्यात आता गर्दी झाली होती. गाई वाटेतल्या गवताचं पातळ शेण टाकत होत्या आणि ते जमिनीवरून वाहायला लागलं होतं. बाल्बारा पेंढा आणायला वळली. भिंतीला एक फावडं टेकलेलं होतं, दांडा कुणाच्या तरी दुसऱ्या हातानं झिजलेला. ओक्सूनं ते उचललं, दोनदा हातात फिरवून बघितलं आणि मांगासच्या मागं घातलं. फावडं भरलं. ती ते घेऊन दाराकडं निघाली आणि मधेच थांबली, कारण बाहेर कुठल्या बाजूला जायचं ते तिला माहीत नव्हतं.

"बाल्बारा," तिनं हाक मारली. "शेण कुठं टाकायचं?"